डावीकडची खुर्ची

मधुमतीकाकूंच्या घरी जेवायला बसायचं म्हणजे परीक्षेलाच बसायचं. मीठ वर मधोमध. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. यात फेरफार नाही. लखनौत लोक डाळीची वाटी जागा मिळेल तिथे टेकवतात आणि आनंदानं जेवतात, हे इतकी वर्षं डोळ्यांसमोर पाहूनही काकूंवर त्याचा काडीचा परिणाम झालेला नाही. मी एकदा मदत करायला म्हणून पुढे झाले आणि कोशिंबीर उजवीकडे वाढली. काकूंनी ताट परत घेतलं, पुसून नव्यानं वाढलं आणि म्हणाल्या, "नयना, तुला आईनं थेट कॉलेजातच घातलं वाटतं." मला राग आला नाही. खरंच होतं ते.

आमची गल्ली तेलीबागेत, रायबरेली रोडपासून आत. छावणी जवळ, त्यामुळे अर्ध्या घरांच्या पाट्यांवर नावाआधी हुद्दा. कुणी कॅप्टन, कुणी हवालदार, सगळे निवृत्त आणि सगळे सकाळी साडेपाचला फिरायला जाऊन दुसऱ्यांची कुत्री जागी करणारे. माझा नवरा सुबोध इथल्या एका संशोधन संस्थेत, आम्ही अमरावतीकडचे. गल्लीत दुसरं मराठी घर एकच, सुभेदार पंढरीनाथ जगदाळे यांचं. काका सैन्याच्या रसद विभागात होते. पिठाचं पोतं नुसतं बघून त्यात ओल शिरलीय का ते सांगायचे, आणि बाजारात सब्जीवाल्या भैयाला बटाट्यांच्या रांगा लावायला लावायचे.

काकू फलटणकडच्या. लग्न झालं तेव्हा काका तिकडे वर बर्फात, काकू इकडे सासरी, मोठ्या खटल्यात. काका वर्षातून एकदा रजेवर यायचे. यायचे म्हणजे भावांमध्ये, वडिलांमध्ये, गावच्या पारावर. काकूंच्या वाट्याला भाकरी वाढण्यापुरते. त्या घरात बाईनं नवऱ्याशेजारी ताट घेऊन बसणं म्हणजे लाज सोडणं. काका भावांच्या पंगतीत खाली मान घालून जेवायचे आणि काकू वाढून आत जायच्या. सगळी निजानीज झाल्यावर काकांचं पहिलं वाक्य दर वर्षी एकच असायचं, "बारीक झालीस."

"बारीक कुठली," काकू मला हसत हसत सांगायच्या, "दर वर्षी झंपर उसवावा लागत होता माझा. पण त्यांना आपलं तेच दिसायचं."

शेवटची बदली लखनौची. निवृत्त झाल्यावर सगळ्यांना वाटलं आता सुभेदार गावी येऊन बांध धरणार. काकांनी तेलीबागेत जमीन घेतली. भावांना सांगितलं, इथे कँटीन जवळ आहे, औषधपाण्याची सोय आहे. भावांनी बरीच नावं ठेवली, बायकोच्या मुठीत गेला असंही म्हणाले. खरं कारण काकूंनी मला तीळ निवडता निवडता एकदा सांगितलं होतं. "इथं मला त्यांच्या शेजारी बसून जेवता येतं." एवढ्यासाठी माणसानं सातारा जिल्हा सोडावा याचं मला तेव्हा हसू आलं होतं. पण मग मी त्या दोघांना जेवताना पाहिलं. टेबलाच्या लांब बाजूला दोघं शेजारी शेजारी, भिंतीकडे तोंड करून बसल्यासारखे. समोरासमोर नाही. काकूंची खुर्ची काकांच्या डावीकडे, कारण स्वयंपाकघराचं दार त्या बाजूला आणि तव्यावरची भाकरी आणायला उठणं सोपं. बोलणं फारसं नाही. एक जण आल्याशिवाय दुसऱ्यानं घास घ्यायचा नाही, हा घराचा कायदा. काकू कुठे अडकल्या तर काका ताटापुढे हात बांधून बसायचे, आमटीवर साय धरेपर्यंत.

भांडणं व्हायचीच. पण ती ताटावर व्हायची. काका रागावले की सगळं जेवायचे आणि चटणीला बोट लावायचे नाहीत. काकूंच्या चटण्या म्हणजे त्यांचा मान. जवसाची, कारळ्याची, लसूण-खोबऱ्याची लालभडक. ती डावी बाजू जशीच्या तशी परत गेली की समजायचं, सुभेदारसाहेब रुसले. काकू पण कमी नाहीत, मुकाट ताट उचलायच्या आणि दिवसभर बोलायच्या नाहीत. संध्याकाळच्या चहाला काका विचारायचे, "चटणी उरलीय का?" की झाला तह. त्यांची मुलगी सावनी लहान असताना शाळेतून आल्याबरोबर आधी खरकटं ताट बघायची, आज घरात हवा कशी आहे ते कळायला.

हे सगळं सांगणं भाग आहे, नाहीतर पुढे काकूंचं काय चुकलं ते कळायचं नाही.

त्या जानेवारीत कोहरा असा पडला होता की समोरच्या फाटकावरचा हुद्दा वाचता येत नव्हता. काका कुणा जुन्या सोबत्याच्या मुलाच्या लग्नात उघड्या मांडवात बसून आले आणि तापानं पडले. खोकला, अंग मोडून येणं, जिभेची चव गेलेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, फ्लू आहे. आठवडाभर काकूंनी शेक दिला, काढे पाजले, पेज भरवली. ताप उतरला. काका उठून बसले आणि लगेच फिरायला निघाले. काकूंनी दाराला आतून कुलूप घातलं. त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली, आम्हाला भिंतीपलीकडे ऐकू आली. काका म्हणत होते, मी कैदी आहे का? काकू म्हणत होत्या, हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दाढी करून बाहेर आले तर अर्धीच केलेली. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर पांढरे खुंट तसेच. काकूंना वाटलं, मुद्दाम. मला चिडवायला. दुपारी ताट वाढलं. काका आले, खुर्चीत बसले, जेवले. भाजी संपवली, आमटी प्यायले. चटणी, कोशिंबीर, लोणचं, सगळं जागच्या जागी. भाकरीसुद्धा उजवीकडून अर्धी खाल्लेली. काकूंनी शेवटी न राहवून विचारलं, चटणी नको का? काका म्हणाले, "कुठली चटणी?"

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं रात्रंदिवस करून वर हा रुसवा. त्यांनी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. काका पलंगावर आडवे झाले. घरात दुपारभर कुणी कुणाशी बोललं नाही. संध्याकाळी काकू चहा घेऊन गेल्या, तह व्हायची वेळ म्हणून. त्यांनी कप काकांच्या डाव्या हातात दिला आणि तो सरळ खाली पडला. चहा डाव्या मांडीवर सांडला, वाफाळता. काका ओरडले नाहीत. खाली बघितलंही नाही.

तेव्हा काकूंनी भिंतीवर मूठ आपटून आम्हाला बोलावलं.

इस्पितळात तरुण डॉक्टरांनी एकच प्रश्न दोनदोनदा विचारला, ये आख़िरी बार बिल्कुल ठीक कब थे? काकूंना उत्तर देता येईना. सकाळी? दाढी तर सकाळीच अर्धी होती. रात्री? डॉक्टर फार सज्जन होते. त्यांनी तपासणीचं चित्र दाखवून समजावलं की मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली आहे. असा श्वासाचा जंतुसंसर्ग झाला की ताप उतरला तरी अंगातली गडबड संपत नाही. रक्त काही आठवडे गुठळी धरायच्या तयारीत असतं, वय झालेल्या माणसात जास्तच. गुठळी विरघळवायचं औषध आहे, पण ते पहिल्या काही तासांतच देता येतं. ते तास निघून गेले होते.

काकू बाकावर बसल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मग मला म्हणाल्या, "मला वाटलं, रुसलेत." पुढे कितीतरी दिवस त्या एवढंच म्हणत. कधी भांडी घासताना, कधी वाळत घातलेले कपडे काढताना, मध्येच. मला वाटलं, रुसलेत. मी त्यांना सांगून थकले की अहो, जगात कुणालाही तेच वाटलं असतं. पण ते खोटं होतं, आणि त्यांना ते कळत होतं. जगात दुसऱ्या कुणाला तसं वाटलंच नसतं. दुसऱ्या कुणाच्या घरात चटणी न खाण्याचा असा अर्थ नव्हता.

काका घरी आले. पाय बऱ्यापैकी सुटला, काठी धरून चालायला लागले. हात अशक्त होता, पण हलत होता. बोलणं स्वच्छ, आठवण शाबूत, मिजास तर पूर्वीपेक्षा चढी. फक्त त्यांच्या जगाची डावी बाजू गेली होती. डोळे ठीक होते. डॉक्टर म्हणाले, दिसतं त्यांना, पण मेंदू तिकडची दखल घेत नाही. त्यामुळे काका शर्टाची उजवी बाही घालत आणि झालं म्हणत. घड्याळात त्यांना सहाच्या पुढचं काही नसे. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटत आणि चौकटीला शिव्या घालत. तुम्हाला काय झालंय, असं विचारलं तर म्हणत, "मला काय धाड भरलीय? या बायकांनी आजारी करून ठेवलंय."

आणि काकू त्यांच्या डावीकडे बसत होत्या.

पहिल्या दिवशी मीही तिथे होते. ताट वाढलेलं, काकू नेहमीच्या खुर्चीत, मी उजवीकडे. काका हात बांधून बसले. काकू म्हणाल्या, "अहो, घ्या ना." काकांनी आवाज ऐकला, मान उजवीकडे वळवली, माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागच्या खिडकीकडे पाहिलं. मग जरा मोठ्यानं म्हणाले, "आतून काय सांगतेस? बाहेर ये. जेवायचं थांबलोय."

काकू हातभर अंतरावर होत्या. त्यांनी काकांचा डावा हात हातात घेतला. काकांना ते जाणवलंसुद्धा नाही. ते मला म्हणाले, "सारखी त्या स्वयंपाकघरात असते बघ. जरा येऊन बस म्हणून सांग तिला."

मी पाणी प्यायले. काकू उठल्या, पाठीमागून वळसा घालून उजवीकडे आल्या, मी खुर्ची सोडली. काकांचा चेहरा खुलला. म्हणाले, "आलीस? चल." आणि जेवायला लागले. असं दोनचार दिवस चाललं. सावनी लखनौतल्याच विकास नगरहून रोज यायची, तीही म्हणाली, "मम्मी, आप इधर ही बैठिए ना, पापा खुश रहते हैं।" ती लहानपणापासून इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, तोंडातून हिंदी येतं.

मग समीर आला. फिजिओथेरपीवाला, तिशीतला, डालीगंजकडून स्कूटरवर यायचा, मऊ बोलायचा आणि काडीची दयामाया दाखवायचा नाही. त्यानं जेवण पाहिलं आणि काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, "अम्मा, आप दाहिनी तरफ़ मत आइए। आप उधर चली आएँगी तो ये इधर क्यों देखेंगे?" पहिले काही महिनेच मेंदू नव्यानं शिकतो, तोवर जेवढं परत येईल तेवढं खरं, असंही म्हणाला. सगळं डावीकडे न्या. टीव्ही डावीकडे, पाणी डावीकडे. तुम्ही डावीकडे. हाक तिथूनच मारा आणि वळेपर्यंत थांबा.

काकू परत डावीकडच्या खुर्चीत गेल्या.

त्यानंतरचे दिवस मला आठवायलाही नको वाटतात. रोज दुपारी तेच. काका हात बांधून बसायचे. काकू डावीकडून म्हणायच्या, अहो, मी इथंच आहे, जरा इकडे बघा. काका उजवीकडे बघायचे, चिडायचे, हाका मारायचे. भाकरी गार व्हायची. कधी अर्धवट जेवायचे, कधी ताट ढकलून द्यायचे. एकदा तर डोळ्यांत पाणी आणून मला म्हणाले, "नयना, तिला माझा कंटाळा आला का ग? आजारी माणसाचं करून दमली असेल. पण दोन मिनिटं शेजारी बसायला काय होतं?" काकू शेजारीच होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं. त्या वेळी मला असं झालं की उठावं आणि म्हातारीला खुर्चीसकट उचलून इकडे आणून ठेवावं.

सावनीनं ते बोलून दाखवलं. एका रविवारी ती आईवर चिडली. "आप ज़िद कर रही हैं। पापा रो रहे हैं और आप वहाँ बैठी हैं।" काकूंनी तिला एवढंच सांगितलं की तुझा बाप रोज रडला तरी चालेल, पण मी उजवीकडे गेले तर ते आयुष्यभर अर्ध्या ताटावर जेवतील. सावनी रागानं निघून गेली. काकूंनी भांडी आवरली. मग ओट्याला टेकून माझ्याशी बोलल्या, पहिल्यांदाच इतकं. म्हणाल्या, "गावाकडं होते तेव्हा बरं होतं ग. तेव्हा ते लांब होते. लांबच्या माणसाची वाट बघता येते, कॅलेंडरावर तारीख असते. आता एवढे जवळ आहेत की श्वास ऐकू येतो. आणि मी त्यांना कुठंच नाही."

त्या नीट जेवत नव्हत्या हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. घरचा कायदा त्यांच्या बाजूनं चालूच होता. काका सोबत जेवल्याशिवाय घास नाही, आणि काका त्यांच्यासोबत जेवतच नव्हते. मागून उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकायच्या. झंपर आता उसवावा लागत नव्हता, टाचून घ्यावा लागत होता.

होळीनंतर समीरनं नवी युक्ती काढली. ताटाच्या डाव्या कडेला काहीतरी लाल ठेवा, म्हणाला. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मग जेवायचं. त्यानं खिशातून लाल चिकटपट्टी काढली. काकूंनी तिच्याकडे अशी नजर टाकली की त्यानं ती परत खिशात घातली. "टेप कशाला?" काकू म्हणाल्या, "लाल आहे की घरात." त्यांनी पांढरी ताटली काढली आणि तिच्या डाव्या कडेला लसणाच्या लाल चटणीचा ढीग घातला. तेल सोडलेलं, वास घरभर. समीर हसला. म्हणाला, हे तर टेपपेक्षा बरं, हे त्यांना हवंसं वाटेल.

हवं होतंच. काका वासानं अस्वस्थ व्हायचे. "लसणाची केलीय ना? मग वाढत का नाहीस?" काकू म्हणायच्या, वाढलीय, शोधा. समीर त्यांची हनुवटी धरून हळूहळू वळवायचा. बाबूजी, और थोड़ा. और. लाल मिला? पहिले काही दिवस काका भाकरीच्या मध्यापाशी येऊन थांबायचे. मग मिठापर्यंत आले. मग लिंबाच्या फोडीपर्यंत. आणि चैत्र निम्मा झाला असेल तेव्हा एका दुपारी त्यांचं बोट सरकत सरकत गेलं आणि चटणीत बुडालं. ते चाटून म्हणाले, "ही काय. मघापासून इथंच होती?"

आम्ही सगळे हसलो. समीरनं टाळ्या वाजवल्या. काकूसुद्धा हसल्या, पण मला म्हणाल्या ते निराळंच. "चटणी सापडली बघ. सवत."

कारण गाडी तिथेच अडली. काका आता ताटापुरते सुधारले. रोज मान वळवून चटणी गाठत, खात आणि परत उजवीकडे. ताटाची कड ही त्यांच्या जगाची कड. तिच्यापलीकडे वीतभरावर काकूंचं कोपर होतं. चटणीपर्यंत येणारी नजर तिथपर्यंत येत नव्हती. समीर म्हणाला की प्रगती छान आहे, पण आता वेग कमी होईल, फार आशा धरू नका. त्यानं हे चांगल्या मनानं सांगितलं. काकूंनी मान हलवली. त्या रोज त्याच खुर्चीत बसत राहिल्या, बाजारात दशहरी आंबे येईपर्यंत.

तो जूनमधला दिवस. कूलर घरघरत होता, बाहेर लू, अंग भाजणारा वारा. काकूंनी मला जेवायला बोलावलं होतं. बोलावलं म्हणजे हुकूम दिला होता, उजवीकडे बसायला कुणीतरी हवं असायचं. मी आत गेले तर टेबलावर ताट वाढलेलं, आणि मी पाहतच राहिले. ताटाची डावी बाजू रिकामी होती. लिंबू नाही, लोणचं नाही, चटणी नाही. मधुमतीकाकूंच्या घरात, वाढलेल्या ताटात, निम्मं ताट मोकळं. मी तोंड उघडणार तोच काकूंनी मला डोळ्यांनी गप्प केलं. त्या आपल्या खुर्चीत बसल्या. त्यांच्या हातात वाटी होती, चटणीची.

काका आले, काठी टेकवून बसले. चटणीचा वास आला तसे म्हणाले, लसणाची आहे. मग सवयीनं मान वळवायला लागले. भाकरी. मीठ. त्यापुढे पांढरी ताटली, रिकामी. ते थबकले. कपाळाला आठी पडली. परत उजवीकडून सुरुवात केली, परत कडेपर्यंत आले. लाल नाही.

"चटणी कुठंय?"

"आहे," काकू म्हणाल्या. "शोधा."

काका वैतागले. मला वाटलं, आता ताट जाणार भिंतीवर. पण वास येत होता, आणि सुभेदारानं आयुष्यभर हरवलेली पोती शोधली होती. त्यांनी टेबलाला धरलं आणि मान आणखी वळवली. ताटलीची कड ओलांडली. टेबलाच्या कपड्यावरची फुलं. पाण्याचा तांब्या, तो त्यांनी तिथे कधी पाहिलाच नव्हता, त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिले. मानेची शीर ताणली होती, कपाळावर घाम. काकूंनी वाटी धरलेला हात जराही पुढे केला नाही. त्याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात दुष्ट म्हटलं. त्या वाटी छातीशी घट्ट धरून बसल्या होत्या.

काकांना लाल दिसलं. त्यांची नजर वाटीवर आली, वाटीवरून बोटांवर, बांगड्यांवर. तिथे ती बराच वेळ थांबली. मग वर चढली.

"कधी आलीस?" काकांनी विचारलं.

जानेवारीपासून ती बाई त्या खुर्चीत बसली होती. तिनं ते सांगितलं नाही.

"आत्ताच आले," काकू म्हणाल्या.

काका बघत राहिले. अगदी न्याहाळून, गालापासून गळ्यापर्यंत, रजेवर आलेल्या माणसानं बघावं तसे. काकूंनी पदर सारखा केला. त्यांचं वय सत्तरीला टेकलेलं, पण त्या चक्क लाजल्या. मी तिथून उठायला हवं होतं. उठले नाही.

"बारीक झालीस," काका म्हणाले.

आणि या खेपेला ते खरं होतं.

काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, कारण एका हातात वाटी होती आणि दुसरा काकांनी धरला होता. उजव्या हातानं, अंगावरून पार आडवा नेऊन. त्यांनी तो धरून ठेवला, नजर पुन्हा निसटू नये म्हणून असेल, किंवा नुसताच असेल. काकू म्हणाल्या, जेवा आता, गार होतंय. काका म्हणाले, तुझं ताट कुठंय?

ताट नव्हतंच. त्यांनी स्वतःसाठी वाढायचं कधीच सोडून दिलं होतं. मी उठले, स्वयंपाकघरात जाऊन ताट घेतलं आणि वाढलं. मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, उजवीकडे भाजी. लक्ष बाहेर त्या दोघांकडे होतं, कोशिंबीर कुठे पडली ते मला आजही सांगता येणार नाही. काकूंनी ताटाकडे पाहिलं, पण ते पुसून नव्यानं वाढायला उठल्या नाहीत. भाकरी मोडून त्यांनी चटणीला लावली आणि काकांच्या बरोबरीनं पहिला घास घेतला.